दुरुस्ती कोणती आणि बांधकाम कोणते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्य, बालसंगोपन किंवा वाचन यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे अशी आपली वहिवाट आहे. तिला सोडून मी आज घरबांधणीच्या परवानगीवर बोलणार आहे. हा विषय ऐकून पुढच्या रांगेत थोडी कुजबुज झाली ती मी ऐकली! हा विषय यजमानांचा, कंत्राटदारांचा, फार तर थोरल्या मुलाचा, आपला त्यात काय संबंध, असे पुष्कळजणींना वाटत असेल. मी पंचवीस वर्षे एका वास्तुशिल्पज्ञांच्या कचेरीत नकाशे काढण्याचे काम केले. तेथे येणाऱ्या माणसांवरून सांगते की या विषयाचा संबंध सर्वांत जास्त कोणाशी येत असेल तर तो आपल्याशीच.

कसा ते पाहा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर खरेदी केले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सवलत चांगली आहे आणि तिचा फायदा पुष्कळांनी घेतला. त्यामुळे खरेदीखतावर आणि मिळकतपत्रिकेवर बाईचे नाव लागले. पण गवंडी कोण आणावयाचा, जिना कोठे काढावयाचा, वरची खोली केवढी करावयाची हे पूर्वीप्रमाणेच ओसरीवर ठरते, आणि ती चहा घेऊन येते तोवर ठरलेलेही असते. पुढे महानगरपालिकेची नोटीस येते ती मालकाच्या नावाने. मालक कोण? तर चहा घेऊन आलेली बाई! आपल्या नावावरच्या घरात कोणते काम परवानगीवाचून होते आणि कोणते होत नाही, एवढे तरी तिला पक्के ठाऊक असावे, यासाठी मी आज येथे उभी आहे.

आपल्या राज्यात या बाबतीतला मुख्य कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्यात 'विकास' असा एक शब्द आहे. आपण विकास म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर धरणे आणि कारखाने येतात. कायद्याच्या पुस्तकात मात्र तुमच्या परसात उभारलेली पक्की खोली हाही विकासच आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले बांधकाम, असलेल्या इमारतीत केलेला महत्त्वाचा फेरफार, इमारतीच्या वापरात केलेला बदल, एवढेच नव्हे तर असलेली इमारत पाडणे, हे सारे त्या शब्दात येते. आणि विकासाला परवानगी लागते. त्या कायद्याच्या आधाराने केलेली तपशीलवार नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग सोडून बहुतेक महाराष्ट्राला एकसारखी लागू झाली. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेलाही तीच लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी आहे, तिच्याविषयी एक गंमत पुढे सांगेन.

आता कोणी म्हणेल, मग खिळा ठोकावयाचा तरी अर्ज करावयाचा काय? नाही, तसे मुळीच नाही. कायद्यानेच पुष्कळ कामे मोकळी ठेवली आहेत. चुना-रंग, गिलावा, पडलेल्या भागाची डागडुजी, जुनी फरशी काढून नवी बसवणे, कौले चाळणे व बदलणे, खोलीत आडभिंत घालणे, दोन खोल्यांमध्ये दार काढणे, खिडकी उघडणे किंवा बुजवणे, छताखाली खोटे छत करणे, बाग करणे, या कामांना परवानगी लागत नाही. पण एक अट आहे, आणि सारा घोटाळा त्या अटीतच आहे: या कामाने इमारतीच्या मजबुतीला, आगीपासूनच्या सुरक्षिततेला आणि बांधकामाच्या इतर नियमांना बाध येता कामा नये.

तेव्हा प्रश्न असा उरतो की दुरुस्ती कोठे संपते आणि बांधकाम कोठे सुरू होते. मी काही घरातली उदाहरणे घेते.

छपराचे घ्या. मंगलोरी कौलांच्या जागी पुन्हा कौलेच घातली, वासे-रिपा बदलल्या, उंची तीच ठेवली, तर ती दुरुस्ती. तीच कौले उतरवून त्या भिंतींवर स्लॅब टाकला तर ते नवे बांधकाम. कंत्राटदार त्याला 'छप्पर दुरुस्ती'च म्हणतो, आणि पावतीवरही तसेच लिहितो. पण मातीत बांधलेली दगडविटांची भिंत कौलांचा भार वाहण्यासाठी रचलेली असते. तिच्या डोक्यावर सिमेंट-लोखंडाचा थर ठेवावयाचा तर ती तो पेलील की नाही हे कोणी तरी जाणत्याने हिशेब करून सांगितले पाहिजे. आपण कोयनेपासून फार लांब राहत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला त्याची आठवण आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना अजून असेल. परवानगीच्या अर्जासोबत मजबुतीचा दाखला मागतात तो उगीच छळ करण्यासाठी नव्हे.

भिंतीचे तसेच. एक भिंत नुसती आडोशाची असते, दुसरी भार वाहणारी. दिसावयास दोन्ही सारख्याच. दोन्हींवर कॅलेंडर लटकते. जुन्या पद्धतीच्या घरात बहुधा जाड भिंतीच सगळे घर पेलतात. खांब-तुळयांच्या इमारतीत भार खांबांवर असतो आणि मधल्या भिंती आडोशाच्या असतात. 'बहुधा' म्हटले, कारण पुष्कळ घरांत अर्धे जुने आणि अर्धे नवे असा मिलाफ झालेला आहे. स्वयंपाकघर आणि बैठक एक करण्याची सध्या आवड आहे. हवा खेळते, येणाऱ्याशी बोलता बोलता पोळ्या लाटता येतात, माझा तिला विरोध नाही. पण ती मधली भिंत कोणत्या जातीची हे नकाशा पाहून अभियंता सांगेल, हातोडा मारून आवाज ऐकणारा मिस्त्री सांगू शकणार नाही. आणि खांब किंवा तुळई कापणे, थोडी 'छिलणे', तिच्यातून मोठा नळ आरपार नेणे, याला तर आतली दुरुस्ती असे कोणत्याही परिस्थितीत म्हणता येत नाही.

याचा परिणाम काय होतो हे मुंबईत घाटकोपरला दिसले. २५ जुलै २०१७ रोजी तेथील सिद्धी-साई नावाची चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे दगावली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी आपल्या घरात एक खिळाही ठोकला नव्हता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. खालच्या घरात ठोकाठोक सुरू झाली तर 'आपल्याला काय करावयाचे' असे म्हणून दार लावून घेऊ नका. काय पाडता आहात, कोणाला विचारून पाडता आहात, हे विचारणे ही भांडखोरपणाची गोष्ट नव्हे. तुमचे घर त्याच खांबांवर उभे आहे.

सज्जा बंद करून खोलीत घेणे, बाजूच्या मोकळ्या जागेवर छप्पर टाकून मोरी किंवा न्हाणीघर करणे, बाहेरून जिना काढणे, पोटमाळा घालणे, वर मजला चढवणे, ही सगळी परवानगीची कामे आहेत. यांत सर्वांत जास्त फसगत होते ती बाजूच्या मोकळ्या जागेत. आपल्या घराच्या चारी बाजूंनी जी जागा सोडावी लागते तिला नियमात सामासिक अंतर म्हणतात. जागा आपली, विकत घेतलेली, घरपट्टी आपण भरतो, मग ती रिकामी का ठेवावी, असे वाटणे साहजिक आहे. पण आग लागली तर बंब तेथूनच येणार. उजेड-वारा तेथूनच येणार. आपला शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचा आपल्याला. दोघांनीही आपापली जागा झाकली तर दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. अशी घरे मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील.

आता मी अशा गोष्टीकडे येते जिच्यासाठी खरे तर हा विषय घेतला. कचेरीत मी बायांना विचारीत असे, "तुमच्या वरच्या मजल्याची परवानगी आहे का?" दहांतल्या सातजणी पिशवीतून घरपट्टीची पावती काढून दाखवीत. कोणी विजेचे बिल दाखवी, कोणी नळपट्टीचे. भगिनींनो, घरपट्टीची पावती ही बांधकामाची परवानगी नव्हे. कर हा असलेल्या इमारतीवर बसतो. ती परवानगीने उभी आहे की परवानगीवाचून, हा वेगळा प्रश्न आहे. अनधिकृत बांधकामावर घरपट्टीशिवाय शास्ती म्हणून जादा रक्कम बसवण्याची तरतूद महानगरपालिकांच्या कायद्यात आहे, आणि असा कर किंवा शास्ती भरली म्हणून ते बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असेही तेथेच लिहिलेले आहे. म्हणजे वीस वर्षे वेळच्या वेळी घरपट्टी भरणारी बाईसुद्धा एकविसाव्या वर्षी नोटिशीची धनीण होऊ शकते. सोसायटीचे ना-हरकत पत्र हीही परवानगी नव्हे. सोसायटीला विचारलेच पाहिजे, पण सोसायटी म्हणजे महानगरपालिका नाही.

माझ्या परिचयातील एका भगिनीची हकीकत सांगते. नाव-पत्ता सांगत नाही. घर तिच्या नावे. मुलाचे लग्न ठरले म्हणून वर दोन खोल्या चढवल्या. कंत्राटदाराने सांगितले, "वहिनी, काळजी करू नका, घरपट्टी लावून घेऊ, म्हणजे झाले." जिन्यासाठी आत जागा जाते म्हणून तो बाहेरून, बाजूच्या सामासिक अंतरात काढला. खोल्या झाल्या, लग्न झाले, घरपट्टीही लागली. दीड वर्षाने शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि नोटीस आली. तिने ती देवघरातल्या फडताळात पोथ्यांखाली ठेवून दिली. यजमान बाहेरगावी नोकरीला, त्यांना उगाच घोर नको, म्हणून! आठ दिवसांनी सुनेच्या हाती लागली तेव्हा ती दोघी मिळून आमच्या कचेरीत आल्या.

नोटीस आली म्हणजे उद्या घर पाडणार, असा धसका घेऊ नये. आणि ती पोथ्यांखाली ठेवावी असेही नाही. त्याच १९६६ च्या कायद्यात असे आहे की नोटिशीत दिलेल्या मुदतीत मालकाला ते बांधकाम राहू द्यावे म्हणून परवानगीचा अर्ज करता येतो. मुदत मात्र कधी कधी फार थोडी असते, म्हणून नोटीस हाती पडेल त्याच दिवशी तारीख पाहावयाची आणि पोचपावती ठेवून उत्तर द्यावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे की पाडकामापूर्वी निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. रस्ता, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. त्या भगिनीचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी गेला. नियमात बसणाऱ्या खोल्या दंडाची रक्कम भरून राहिल्या. जिना बसत नव्हता, तो तोडावा लागला. आता तो बैठकीच्या खोलीतून वर जातो आणि बैठक निम्मी झाली आहे. आधी नकाशा काढला असता तर जिना आतच आला असता, पण त्यासाठी बैठकीचे नियोजन करता आले असते. आणि दोनदा खर्च झाला नसता.

अलीकडे एक वाक्य फार ऐकू येते: "छोट्या घराला आता परवानगी लागतच नाही." हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणून जास्त धोक्याचे. २०२० च्या नियमावलीने लहान भूखंडांसाठी काम सोपे केले हे खरे. दीडशे चौरस मीटरपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ दीड गुंठ्याचा भूखंड असेल तर परवानाधारक वास्तुशिल्पज्ञाने किंवा अभियंत्याने नियमात बसतो असे प्रमाणित केलेला नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क दाखल केले की त्याची पोच हीच परवानगी मानतात. दीडशेच्या वर तीनशे चौरस मीटरपर्यंत कागद तपासून थोड्या दिवसांत परवानगी द्यावी अशी व्यवस्था आहे. खेड्यांतून ग्रामपंचायतीकडे कागद देऊन असेच करता येते. आता यात 'परवानगी लागत नाही' असे कोठे आले? नकाशा लागतो, नियम लागतात, पैसे भरावे लागतात, पोच घ्यावी लागते. फक्त टेबलामागून टेबल हिंडण्याचा वेळ वाचला. ती पोच हाती नसताना पाया खणणारा आणि काहीच न विचारता खणणारा, कायद्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. सोय केलेली असूनही केवळ अर्धवट ऐकल्यामुळे ती गमावणारी माणसे पाहिली की मला फार वाईट वाटते.

आणखी एक अर्धसत्य साठ दिवसांचे. अर्ज करून साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानता येते, हे कायद्यात आहे. पण अर्जातले काम पूर्णपणे नियमानुसार असेल तरच. नियमाबाहेरचे काम साठ दिवसांनी आपोआप शुद्ध होत नाही.

गुंठेवारीविषयी बोलल्यावाचून आपल्या गावात हा विषय पुरा व्हावयाचा नाही. या सभेतल्या निम्म्या भगिनी गुंठेवारीच्या वसाहतींत राहतात. शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले, रस्ते आखलेले नव्हते, गटारे नव्हती, मंजूर आराखडा नव्हता. नोकरदाराला, हमालाला, शिलाईकाम करून पैसे साठवणाऱ्या बाईला परवडेल अशी जागा तेवढीच होती, म्हणून घेतली. त्यांना दोष देणे मला पटत नाही. शासनानेही २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ साली दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू केला. पण येथेही एक बारकावा आहे. भूखंड नियमित झाला याचा अर्थ त्यावरचे पुढचे प्रत्येक बांधकाम मंजूर झाले असा होत नाही. नियमितीकरणाचा दाखला ही पहिली पायरी. नंतर खोली वाढवावयाची तर तिची परवानगी स्वतंत्र. दाखला असेल तर ती मिळणे सोपे, दाखला नसेल तर अर्जच अडतो. म्हणून ज्यांचा दाखला अजून राहिला आहे त्यांनी खोली वाढवण्याचा विचार त्याच्या मागून करावा.

आणि कृष्णामाई. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा कोणाच्या घरात कोठवर पाणी आले हे येथे सांगावयास नको. भिंतींवरच्या रेघा रंगाखाली गेल्या एवढेच. नदीकाठच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. नदी आणि निळी रेषा यांमधला भाग निषिद्ध, तेथे नवे घर बांधावयाचे नाही. निळ्या व लाल रेषेमधल्या भागात बंधने पाळून बांधता येते. त्यांतले मुख्य हे की जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावे लागते. भूखंड विकणारा मनुष्य या रेषा कधी दाखवीत नाही. तो उन्हाळ्यात जागा दाखवतो. म्हणून विसार देण्याआधी महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपला गट नंबर पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारून यावे. यासाठी यजमानांबरोबरच गेले पाहिजे असे नाही. दोघीजणी मिळून गेलात तरी माहिती देतात.

प्रत्यक्ष परवानगी काढण्याची रीत थोडक्यात सांगते, कारण ते काम वास्तुशिल्पज्ञच करतो आणि अर्ज आता संगणकावरून भरला जातो. मालकीचा उतारा, मोजणीचा नकाशा, घराचा नकाशा आणि शुल्क, एवढे मुख्य. मंजुरीबरोबर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते आणि त्यानंतरच कुदळ मारावयाची. परवानगीची मुदत एक वर्षाची असते. काम लांबले तर ती वाढवून घ्यावी लागते. जोत्यापर्यंत आल्यावर साधारणपणे तपासणी होते. घर पुरे झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावयाचे. या शेवटच्या कागदाचा आपल्या लोकांना फार कंटाळा. गृहप्रवेश झाला, पुरण शिजले, आता आणखी कसला कागद! पण १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीज-पाण्याच्या जोडण्या असे प्रमाणपत्र पाहून द्याव्यात आणि बँकांनीही ते पाहूनच इमारतीवर कर्ज द्यावे. मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवावयाचे झाले तर त्या दिवशी हा कागद लागणार आहे.

मुंबईच्या गमतीचे कबूल केले होते. तेथे १८८८ च्या जुन्या कायद्याप्रमाणे घराचा नकाशा दिला की जे पत्र मिळते त्याचे इंग्रजी नाव 'इन्टिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे शब्दशः नापसंतीची सूचना! अर्थ असा की अमुक अटी पुऱ्या करीपर्यंत आमची मंजुरी नाही. पुऱ्या करा, मग आहे. लोक मात्र नापसंतीचे ते पत्र हाती पडले की पेढे वाटतात. माझ्या मावसबहिणीच्या सोसायटीत ते पत्र आले तेव्हा नव्या सुनेने ते वाचले आणि घाबरून सासऱ्यांना फोन केला होता.

शेवटी आपल्या उद्योगी सभासदांसाठी एक सांगते. घराच्या वापरात बदल हाही विकासच, असे मी सुरुवातीला म्हटले. त्यामुळे शिवणकाम, भरतकाम करणाऱ्या भगिनी धास्तावल्या असतील. पगारी माणसे न ठेवता घरातल्या माणसांनी घरात चालवलेले शिवण, भरतकाम यांसारखे उद्योग राहत्या घरात चालतात. नियमांत त्यांना मुभा आहे. पण बैठकीची खोली रस्त्याकडे उघडून, शटर लावून तिचे दुकान केले, किंवा चार मुली पगारावर ठेवून मागे कारखाना काढला, तर घराचा वापर बदलला. मग त्या भागात तो वापर चालतो की नाही हे पाहून परवानगी घ्यावी लागेल.

[भाषणानंतर भगिनींनी काही प्रश्न विचारले. त्यांपैकी तीन व त्यांची उत्तरे चिटणीसांच्या टिपणावरून देत आहोत.]

एका भगिनीने विचारले, "गच्ची गळते म्हणून वर पत्र्याची शेड टाकली तर?"

उत्तर: गळती थांबवण्यासाठी गच्चीला पाणीरोधक थर देणे ही दुरुस्ती आहे, ती खुशाल करा. पावसाळ्यापुरते आच्छादन घालावयाचे तर त्यालाही तात्पुरती परवानगी मिळते, तेवढ्या मुदतीची. पावसाळा संपला की ते काढावयाचे असते. चारी बाजूंनी भिंती घेऊन, दार लावून तेथे पाहुण्यांची खोली केली तर ती शेड राहिली नाही.

दुसऱ्या भगिनीने विचारले, "तयार घर विकत घेतो आहोत. विकणारे म्हणतात की नकाशा हरवला."

उत्तर: नकाशा हरवला तरी महानगरपालिकेच्या दप्तरात त्याची प्रत असावयास हवी. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मंजूर नकाशाची आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागता येते. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत आल्यावर ती हातात घेऊन घरातून एकदा फिरा. नकाशात नसलेली खोली घरात दिसली तर तिच्या किमतीचा विचार व्यवहार पुरा होण्याआधी करा. विकणाऱ्यांना तीस दिवस थांबण्याची घाई का, हेही विचारा.

एका वयस्क सभासदांनी विचारले, "सासऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी बांधलेले घर. कागद आहेत की नाहीत हेच ठाऊक नाही. नातू वर मजला म्हणतो आहे."

उत्तर: जुन्या घराला हात लावण्याआधी ते कधीपासून उभे आहे याचा पुरावा गोळा करावा. घरपट्टीची जुनी आकारणी, सिटी सर्व्हेचा उतारा, जुने खरेदीखत, वाटणीपत्र, नळजोडणीचा कागद. मी घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे असे म्हटले ते खरे. पण घर किती जुने हे दाखवावयास तीच पावती उपयोगी पडते. मग अभियंत्याकडून पाया आणि भिंती तपासून घ्याव्यात. साठ वर्षांच्या भिंती बहुधा वर मजला घेत नाहीत, आणि मग नातवाला सगळे घरच नव्याने बांधावे लागेल. त्याची परवानगी या जुन्या कागदांवरूनच निघेल. माळ्यावर सासऱ्यांची पेटी असेल तर ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. येत्या मंगळवारी दुपारी मी मंडळात आहे, पेटी घेऊन या, दोघी मिळून पाहू.